सामायिक दप्तराची कुळकथा : आभासी यंत्रे आणि त्यांच्या फाइल-व्यवस्थेचा इतिहास

१. विषयप्रवेश

आष्टा येथील खातेदारास आपल्या जमिनीचा सात-बारा हवा असेल, तर आज त्याने चावडीत जाऊन दप्तर उघडावयास लावलेच पाहिजे असे नाही. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा सुरू झाला आणि हा उतारा कोठूनही काढून घेता येऊ लागला. उतारा हाती येतो; परंतु तो ज्या दप्तरातून आला त्या दप्तराची रचना कशी असते, त्यात एका क्षणी लिहिण्याचा अधिकार कोणास असतो, आणि लिहिणारा मध्येच नाहीसा झाला तर अपुरी नोंद कोण पुरी करतो, हे प्रश्न उतारा घेणाऱ्याच्या मनात येत नाहीत. ते येऊ नयेत अशीच त्या व्यवस्थेची योजना असते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ते विचारले पाहिजेत. कारण पुढील शतकातील संशोधक ज्या साधनांवर आपला इतिहास लिहिणार आहे, ती साधने आज याच दप्तरांत साठत आहेत.

आजच्या मोठ्या संगणक-केंद्रात एका कामास एक यंत्र अशी वाटणी सहसा नसते. एका सबळ यंत्रावर अनेक आभासी यंत्रे, म्हणजेच व्यवहारात ज्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात ती, चालत असतात. प्रत्येक आभासी यंत्रास आपण स्वतंत्र संगणक आहोत असे भासते. त्याची स्वतःची डिस्कही असते. वस्तुतः ती डिस्क म्हणजे दुसऱ्या कोठल्या तरी मोठ्या साठ्यावरील एक लांबलचक फाइल होय. हा साठा अनेक यजमान यंत्रांना एकाच वेळी उघडता यावा, आणि तसे होऊनही त्यातील नोंदींचा घोटाळा होऊ नये, यासाठी जी व्यवस्था असते तिला प्रस्तुत लेखात ‘सामायिक फाइल-व्यवस्था’ असे म्हटले आहे. सात-बाराच्या परिभाषेतील सामायिक खात्याशी असलेले या शब्दाचे साम्य हेतुपूर्वक राखले आहे.

या व्यवस्थेचा इतिहास बहुधा वाढत्या आकड्यांच्या रूपाने सांगितला जातो : साठा किती वाढला, वेग किती वाढला, यंत्रे किती जोडता आली. आकडे खरे असले तरी त्यांतून त्या इतिहासाचे सूत्र हाती लागत नाही. ते सूत्र दोन अधिकारांत आहे : लिहिण्याचा अधिकार आणि वाचण्याचा अधिकार. गेल्या चाळीस वर्षांत पहिला प्रश्न उत्तरोत्तर अधिक चांगल्या रीतीने सुटत गेला, आणि त्याच काळात दुसरा प्रश्न अधिकाधिक बिकट होत गेला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. तीन शब्दांची साक्ष

प्रथम या विषयातील तीन शब्दांकडे पाहू. ‘दप्तर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला, आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेतील कातडे या अर्थाच्या ‘दिफ्थेरा’ या शब्दात आहे. ज्या वस्तूवर लिहावयाचे तिचे नाव पुढे लेखांच्या संग्रहास आणि अखेर तो संग्रह सांभाळणाऱ्या कचेरीस मिळाले. ‘फाइल’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील सूत या अर्थाच्या शब्दात आहे. सुटे कागद ज्या सुतात ओवून ठेवीत, त्या सुताचे नाव कागदांच्या गठ्ठ्यास लागले. ‘कुलूप’ हा मूळचा अरबी ‘कुफ्ल’. येताना त्यातील वर्णांची अदलाबदल झाली आणि ‘कुल्फ’ होऊन तो आपल्याकडे स्थिरावला.

या तिन्ही शब्दांची प्रवृत्ती एकच आहे. साधन बदलले तरी शब्द राहिला, कारण त्या शब्दाने सांगितलेले कार्य बदलले नव्हते. कातडे गेले, कागद आला. कागद गेला, चुंबकीय तबकडी आली. तरी दप्तर राखणे, पाने एका सूत्रात ओवणे आणि परक्या हातापासून त्यांना कुलूप लावणे ही तीन कार्ये राहिलीच. संगणकशास्त्रज्ञांनीही आपल्या व्यवस्थेस ‘फाइल’ आणि ‘कुलूप’ याच अर्थाचे शब्द योजले. यामुळे नव्या व्यवस्थेची अडचण जुन्या व्यवहाराच्या आधारे समजून घेणे ही केवळ उपमेची हौस ठरत नाही.

३. गावच्या दप्तरातील चार प्रश्न

आष्टा हे वाळवा तालुक्यातील गाव. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला तोपर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले. कृष्णा आणि वारणा यांच्या दरम्यानच्या या मुलखात, देशावरील अन्य गावांप्रमाणेच, गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. कुलकर्णीपण हे वतन असल्यामुळे त्याचे वारस वाढत, तक्षिमा पडत, आणि एकाच दप्तरावर अनेक भाऊबंदांचा हक्क उत्पन्न होई. हक्क सर्वांचा असला तरी एकाच वर्षी सर्वांनी दप्तर लिहिणे शक्य नव्हते. यावर तोडगा म्हणून तक्षीमदार पाळीपाळीने काम चालवीत. ज्याची पाळी त्याच्या हाती लेखणी. इतरांचा हक्क बुडत नसे, तो केवळ थांबे. १९५० च्या अधिनियमाने मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली आणि वंशपरंपरेच्या पाळीची जागा सरकारी नेमणुकीने घेतली.

पाळीने लेखणी कोणाच्या हाती हे ठरते. नोंद अर्धवट राहिली तर काय करावयाचे हे ठरत नाही. यासाठी महसुली पद्धतीत फेरफाराची योजना आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमानुसार हक्कातील बदल प्रथम फेरफार नोंदवहीत लिहावा लागतो. हितसंबंधीयांस नोटीस जाते. हरकत आल्यास ती वेगळी नोंदविली जाते. आणि सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच तो बदल सात-बारावर कायम होतो. व्यापाऱ्यांच्या वहीखात्यातही हाच क्रम असे : प्रथम रोजकीर्द, मागाहून खतावणी. खतावणी लिहिताना दिवा विझला तरी बिघडत नसे. दुसऱ्या दिवशी रोजकीर्द पाहून ती पुरी करता येई.

यावरून सामायिक दप्तराचे चार मूलभूत प्रश्न स्पष्ट होतात. लेखणी कोणाच्या हाती? अपुरी नोंद कशी पुरी करावी? लिहिणारा नाहीसा झाला हे कोणी व केव्हा ठरवावे? आणि गेला असे समजलेला परत येऊन लिहू लागला तर काय? शेवटचा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासास अपरिचित नाही. सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडल्यानंतर भाऊ म्हणून वावरणाऱ्या तोतयाने मोठी खळबळ माजविली, आणि १७७६ साली त्यास देहान्ताची शिक्षा होईपर्यंत दौलतीस स्वस्थता लाभली नाही. यंत्रसमूहात असा तोतया दररोज उत्पन्न होऊ शकतो. फरक एवढाच की तेथे परत येणारा खरोखर तोच असतो, परंतु मध्यंतरी त्याची पाळी संपलेली असते.

४. वेगळे चूल : १९६७ ते १९७२

आभासी यंत्राची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आय.बी.एम. कंपनीच्या विज्ञान-केंद्रात १९६० नंतरच्या दशकात सीपी-४० व त्यामागून सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या. १९७२ साली त्याच कल्पनेवर व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आली. तिच्यात मोठ्या डिस्कचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका आभासी यंत्रास तोडून देत असत. या तुकड्यास छोटी डिस्क अशा अर्थाचे नाव होते.

ही वाटणी म्हणजे सरळ विभक्त कुटुंब. प्रत्येकाची चूल वेगळी असल्यामुळे लेखणीचा तंटा फारसा उद्भवत नसे. आणि मूळ यंत्र एकच असल्यामुळे सर्वांवर देखरेख करणारा कारभारीही एकच असे. सामायिक दप्तराचा खरा प्रश्न उद्भवण्यासाठी कारभारी अनेक व्हावे लागतात. ते पुढील दशकात झाले.

५. कुलुपांचा कारभारी : १९८३ नंतर

१९८३ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने व्हॅक्सक्लस्टर ही योजना जाहीर केली. अनेक संगणक जोडून, कमाल सोळापर्यंत, त्यांना एकच डिस्क-संग्रह वापरू द्यावयाचा आणि वापरणारास तो एकच संगणक वाटावा, अशी ही कल्पना होती. या योजनेचा कणा म्हणजे तिच्यातील कुलुपांची व्यवस्था होय.

या व्यवस्थेत कुलूप म्हणजे लोखंडी वस्तू नव्हे, तो परस्परांतील करार होता. एखाद्या फाइलीस हात लावण्यापूर्वी यंत्राने त्या फाइलीच्या नावाने कुलूप मागावयाचे. कुलुपांचे सहा प्रकार होते : केवळ आपला संबंध नोंदविणारे, इतरांबरोबर वाचू देणारे, इतरांबरोबर लिहू देणारे, वाचत असताना इतरांना लिहू न देणारे, एकट्यालाच लिहू देऊन इतरांना वाचनापुरती मोकळीक ठेवणारे, आणि सर्वांना पूर्ण मज्जाव करणारे. कुलुपांची नोंद एकाच यंत्रावर न ठेवता ती समूहात वाटून दिलेली असे. त्यामुळे एक यंत्र बंद पडले तरी सर्व कुलुपे हरवत नसत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या योजनेत गणपूर्तीने दिले. यंत्रांना मते दिलेली असत, आणि ज्या गटाकडे आवश्यक संख्येची मते नसतील त्याने काम थांबवावयाचे. तारा तुटून समूहाचे दोन तुकडे झाले तर दोन्ही तुकडे आपणच खरे असे समजून लिहू लागण्याचा धोका असतो. गणपूर्तीच्या नियमाने एकच तुकडा चालू राहतो. पुढील जवळजवळ प्रत्येक व्यवस्थेत या दोन कल्पना, वाटून दिलेले कुलूप आणि मतांची गणपूर्ती, कोणत्या ना कोणत्या रूपाने दिसतात.

याच सुमारास, १९८४ साली, सन कंपनीने एन.एफ.एस. ही व्यवस्था प्रसृत केली. तिचा मार्ग वेगळा होता. दप्तर एकाच सर्व्हरच्या ताब्यात राहावयाचे आणि इतरांनी त्याच्याकडे मागणी करावयाची. हा मार्ग सोपा असल्यामुळे तो विलक्षण पसरला आणि आजही चालू आहे. परंतु त्यात सर्व भार एका कारभाऱ्यावर पडतो आणि तो पडला की कचेरीच बंद होते.

६. मिनेसोटा, अल्माडेन आणि पुणे

१९९० नंतरच्या दशकात डिस्क आणि संगणक यांना जोडणारे स्वतंत्र जाळे प्रचारात आले, आणि शेकडो फुटांवरची डिस्क अनेक यंत्रांना आपलीच म्हणून दिसू लागली. डिस्क सर्वांस दिसू लागली म्हणजे ती सर्वांस सुरक्षितपणे लिहिता येते असे मात्र नव्हे. एकमेकांचा पत्ता नसलेली दोन यंत्रे साध्या फाइल-व्यवस्थेने एकाच डिस्कवर लिहू लागली तर थोड्याच वेळात नोंदींचा चुराडा होतो.

मिनेसोटा विद्यापीठात सोल्टिस, रूवार्ट आणि ओकीफ यांनी १९९६ साली मांडलेली ग्लोबल फाइल सिस्टिम, संक्षेपाने जी.एफ.एस., हा या प्रश्नावरील एक महत्त्वाचा प्रयत्न होय. त्यांनी आरंभी कुलूप डिस्कच्याच अंगी ठेवले. कुलकर्ण्याने किल्ली भाऊबंदांत न फिरविता पेटीवरच टांगून ठेवावी, तसे. पुढे ही व्यवस्था लिनक्सवर आली, प्रत्येक यंत्राची स्वतंत्र रोजकीर्द डिस्कवर ठेवण्यात आली, आणि एक यंत्र पडल्यास दुसऱ्याने त्याची रोजकीर्द वाचून अपुरी नोंद पुरी करावयाची असे ठरले. परंतु पडलेले यंत्र खरोखर पडले आहे याची खात्री कशी करावी? उत्तर कठोर होते : ज्याच्याविषयी शंका आली त्याची डिस्कपर्यंतची वाट आधी बंद करावयाची, प्रसंगी त्याची वीज तोडावयाची, आणि मगच त्याच्या कीर्दीस हात लावावयाचा. तोतयाच्या प्रश्नावर याहून निर्णायक उपाय अद्याप निघालेला नाही.

दुसरी शाखा महासंगणकांची. आय.बी.एम.च्या अल्माडेन संशोधन-केंद्रातून आलेली जी.पी.एफ.एस. ही व्यवस्था १९९८ पासून उपलब्ध झाली. एकाच प्रचंड फाइलीचे खंड अनेक डिस्कांवर विखुरून, फाइलीच्या निरनिराळ्या भागांवर निरनिराळ्या यंत्रांना एकाच वेळी लिहू देणे हे तिचे वैशिष्ट्य. आपल्याकडे हीच गरज पुण्यात निर्माण झाली होती. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा समांतर महासंगणक सिद्ध केला आणि १९९८ साली परम १०००० उभा केला. शेकडो प्रक्रियक एकाच गणितावर काम करू लागले की त्यांना माहितीही समांतर पुरवावी लागते, हा धडा त्या यंत्रांनी येथील अभियंत्यांस दिला.

पुण्यातील दुसरा धागा व्यापारी आहे. साठवण-व्यवस्थांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हेरिटास कंपनीचे संशोधन व विकास केंद्र पुण्यात दीर्घकाळ होते. या कंपनीच्या सामायिक फाइल-व्यवस्थेचा विकास आपल्या दृष्टीने बोधप्रद आहे. आरंभी तिच्यात जे यंत्र प्रथम साठा उघडी ते मुख्य आणि बाकीची दुय्यम असत. सूचीतील बदल, म्हणजे फाइलीचे नाव, लांबी व जागा यांविषयीच्या नोंदी, मुख्यानेच करावयाच्या. पुढे ही उतरंड बरीचशी मोडली आणि सर्व यंत्रांना सूची लिहिण्याचा अधिकार मिळाला. तथापि प्रथम येणाऱ्यास मुख्य म्हणण्याची पद्धत मात्र उरली. वतन गेले तरी आडनाव राहावे, असाच हा प्रकार. व्हेरिटास २००५ साली सिमँटेक कंपनीत विलीन झाली, २०१६ साली पुन्हा वेगळी झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचा विदा-संरक्षणाचा भाग कोहेसिटी कंपनीत गेला. अभियंते तेच, दप्तर तेच. पाटी तीनदा बदलली. या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसेल.

७. आभासी यंत्रांची स्वतंत्र व्यवस्था : २००१ ते २०१६

१९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने २००१ साली ई.एस.एक्स. सर्व्हर प्रसिद्ध केला आणि त्याबरोबर व्ही.एम.एफ.एस. ही फाइल-व्यवस्था आली. पहिल्या दोन आवृत्त्यांत कप्पेसुद्धा नव्हते. सर्व फाइली एकाच पातळीवर मांडलेल्या असत. २००६ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने कप्पे दिले.

या व्यवस्थेचे बळ एका साध्या निरीक्षणात आहे. महासंगणकात एका फाइलीवर अनेक यंत्रे लिहितात. आभासी यंत्रांच्या जगात फाइली पुष्कळ व मोठ्या असतात, परंतु सामान्यतः प्रत्येक फाइलीचा लेखक एका वेळी एकच यजमान असतो, कारण एक आभासी यंत्र एका वेळी एकाच यजमानावर चालते. म्हणजे येथे दप्तर सामायिक असले तरी पाने विभक्त आहेत. मग प्रत्येक अक्षरास कुलूप मागण्याचे कारण उरत नाही. आभासी यंत्र सुरू करताना, बंद करताना, नवी फाइल निर्माण करताना किंवा जुनी वाढविताना सूचीस कुलूप लावले की पुरे; दैनंदिन लेखन कोणास न विचारता चालू राहते. जी.पी.एफ.एस.ने सोडविलेला कठीण प्रश्न या व्यवस्थेने सोडविला नाही. तो टाळता येतो हे तिने ओळखले. तिच्या रचनेचे विवेचन सत्यम वाघाणी यांनी २०१० साली एका निबंधात केले आहे.

सामायिक साठ्याची निकड २००३ साली अधिक वाढली. त्या वर्षी चालू आभासी यंत्र बंद न करता एका यजमानावरून दुसऱ्यावर नेण्याची सोय उपलब्ध झाली. तलाठ्याची बदली झाली म्हणून दप्तर त्याच्याबरोबर जात नाही. नवा येतो आणि कार्यभार घेतो. तसेच येथे यंत्राची स्मृती हलते, डिस्क जागीच राहते, आणि केवळ कुलुपाचा धनी बदलतो.

कुलूप कोठे ठेवावयाचे? व्ही.एम.एफ.एस.ने ते डिस्कवरच ठेवले. प्रत्येक यजमान आपल्या नावच्या जागी ठराविक सेकंदांनी ‘मी जिवंत आहे’ अशी खूण करीत राहतो. खूण थांबली आणि मुदत उलटली की त्याची कुलुपे दुसऱ्यास घेता येतात. अडचण वेगळीच होती. कुलपाची नोंद बदलताना, ती दोघांनी एकदम बदलू नये म्हणून, क्षणभर संपूर्ण साठाच एकट्याच्या ताब्यात घ्यावा लागे. एका शेताचा फेरफार करण्यासाठी सबंध गावचे दप्तर बंद ठेवावे तसे हे होते. सकाळी शेकडो आभासी यंत्रे एकदम सुरू होऊ लागली की यजमान एकमेकांस खोळंबून ठेवीत.

२०१० साली यावर तोडगा मिळाला. डिस्क-संचालाने एक नवी आज्ञा पाळावयाची असे ठरले : या जागी अमुक मजकूर आहे काय ते पाहा, असल्यास तत्क्षणी त्याऐवजी हा लिही, नसल्यास नकार दे, आणि पाहणे व लिहिणे यांच्यामध्ये दुसऱ्या कोणास येऊ देऊ नको. या एका आज्ञेने सबंध दप्तर अडविण्याचे कारण संपले. अडते ती केवळ एक ओळ. सामायिक लेखनाच्या इतिहासातील हा निर्णायक क्षण होय, असे म्हणावयास हरकत नाही. २०११ च्या पाचव्या आवृत्तीत एका साठ्याची मर्यादा ६४ टेराबाइट झाली, २०१६ साली सहावी आवृत्ती आली. आकडे वाढले, तत्त्व तेच राहिले.

मायक्रोसॉफ्टने २००९ साली, आणि मुक्त परवान्याच्या जगात ओ.सी.एफ.एस.-२ व जी.एफ.एस.-२ यांनी २००६ साली लिनक्सच्या मूळ संहितेत येऊन, हेच क्षेत्र निरनिराळ्या वाटांनी गाठले.

८. पेटीचा त्याग

या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट गृहीत होती : सर्वांस दिसणारी एक मोठी पेटी असते. ही पेटी महाग असे, आणि तीच नादुरुस्त झाली तर सारेच अडे. गूगल कंपनीने २००३ साली आपल्या फाइल-व्यवस्थेवर निबंध प्रसिद्ध केला. साधी यंत्रे मोडणारच असे गृहीत धरून प्रत्येक खंडाच्या अनेक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवाव्यात, हे तिचे तत्त्व. २००६ साली सेज वाइल व त्यांचे सहकारी यांनी सेफ ही व्यवस्था मांडली. तीत कोणता खंड कोठे ठेवावयाचा हे यादी न पाहता गणितानेच काढता येते. पुढे आभासी यंत्रांच्या साठवणीतही हाच मार्ग आला. व्हीएमवेअरची व्ही-सॅन ही व्यवस्था २०१४ सालची.

पेटी गेली तेव्हा तिच्यावर टांगलेले कुलूपही गेले. आता सत्य कोणते हे प्रतींच्या बहुमताने ठरते. बहुमताचे हे शास्त्र लेस्ली लँपोर्ट यांनी एका काल्पनिक ग्रीक बेटावरील विधिमंडळाच्या रूपकातून मांडले आणि ते १९९८ साली छापून प्रसिद्ध झाले. सभासद येतात, मध्येच उठून जातात, निरोप हरवतात. तरीही संमत झालेला ठराव बदलत नाही, हे त्यात सिद्ध केले आहे.

याप्रमाणे लेखणीचा अधिकार प्रथम एका कारभाऱ्याकडे, मग वाटून दिलेल्या कुलुपांकडे, मग डिस्कवरील एका ओळीकडे, आणि अखेर बहुमताकडे आला. चारही मूलभूत प्रश्नांस आज समाधानकारक उत्तरे आहेत.

९. वाचणारा कोण?

आता दुसऱ्या अधिकाराकडे वळू. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर रुमालांत बांधलेले आहे. त्यातील कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे; कमी झाला आहे तो मोडी वाचणारा. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून व कचेरीतून मागे पडली, आणि दोन पिढ्यांत घरचे कागद घरच्यांनाच वाचता येईनासे झाले. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाला तेव्हा महसुली कचेऱ्यांस मोडीचे जाणकार शोधावे लागले. नागरिकाचा हक्क दप्तरात लिहिलेला होता, पण दप्तर मुके झाले होते.

फाइल-व्यवस्था ही याच अर्थाने एक लिपी आहे. डिस्कवर कोणता आकडा कोठे ठेवला म्हणजे त्याचा अर्थ काय, हे ती ठरविते. जी.एफ.एस.-२ ही उघडी लिपी. तिची संहिता कोणासही वाचता येते. व्ही.एम.एफ.एस.ची मांडणी तिच्या मालकाने संपूर्ण प्रसिद्ध केलेली नाही. आभासी डिस्कच्या फाइलीची रचना प्रसिद्ध आहे, परंतु ती फाइल ज्या साठ्यात ठेवलेली असते त्याची नाही. पत्र बालबोधात आणि रुमालाची गाठ गुप्त, असा हा प्रकार. बाहेरच्या जाणकारांनी मांडणी उलगडून वाचनापुरती साधने तयार केली आहेत. मोडीच्या अक्षरपुस्तिका तयार करणाऱ्यांचेच हे काम.

मिनेसोटाच्या जी.एफ.एस.ची कथा येथे पुन्हा उपयोगी पडते. विद्यापीठात जन्मलेली ही व्यवस्था सिस्टिना कंपनीकडे गेली आणि २००१ साली तिचा मुक्त परवाना संपला. २००३ च्या अखेरीस रेड हॅटने ती कंपनी घेतली आणि २००४ साली संहिता पुन्हा मुक्त केली. पुढे रेड हॅटने २०२५ साली आलेल्या आपल्या दहाव्या आवृत्तीपासून जी.एफ.एस.-२ ला आधार देणे थांबविले. परंतु संहिता लिनक्समध्ये आहेच. विक्रेता गेला तरी लिपी उरली. याउलट, ज्या व्यवस्थेची लिपी मालकाजवळच असते तिचा वाचक मालकाच्या मर्जीवर असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअरची खरेदी पूर्ण केली. त्यानंतर कायमचे परवाने विकणे बंद होऊन मुदतीची वर्गणी आली आणि जगभरच्या संस्थांना आपले साठे अन्यत्र न्यावेत काय याचा विचार करावा लागला. यात कोणाचा दोष शोधण्याचे प्रयोजन नाही. कंपन्या विकल्या जातात, हा त्यांचा धर्मच आहे; व्हेरिटासची पाटी कशी बदलत गेली हे आपण पाहिलेच. दप्तराचे आयुष्य मात्र पाटीच्या आयुष्याहून मोठे असावे लागते.

१०. समारोप

महाराष्ट्रात सात-बाराचे संगणकीकरण होत असताना, २०१७ साली, गावोगाव चावडी-वाचन करण्यात आले. संगणकातील नोंद आणि हस्तलिखित नोंद यांचा मेळ बसतो की नाही हे गावकऱ्यांसमोर वाचून पाहावयाचे, अशी ती मोहीम होती. दप्तरशास्त्राच्या दृष्टीने तिचे मोल फार मोठे आहे. नोंद खरी आहे याची अंतिम कसोटी ती ज्याच्याविषयी आहे त्यास ऐकू येणे ही होय, हे तत्त्व तिने मान्य केले. यंत्रसमूहातील बहुमत प्रतींचा मेळ घालते. पण सर्व प्रती सारख्याच चुकल्या असतील तर ते बहुमत चुकीचीच ग्वाही देईल. ती चूक पकडणारा वाचक बाहेरच असावा लागतो.

या विवेचनातून अभ्यासकांसाठी तीन कर्तव्ये निघतात. पहिले, डिजिटल साधनांचा उपयोग करताना ती कोणत्या व्यवस्थेत व कोणत्या मांडणीत ठेवली होती याची नोंद, कागदाची जात व शाई नोंदवावी त्याप्रमाणे, करीत जावे. दुसरे, विद्यापीठांनी व पुराभिलेखागारांनी आपल्या संग्रहाची निदान एक प्रत अशा मांडणीत ठेवावी की जिचे वर्णन प्रसिद्ध आहे आणि जी उघडण्यास कोणाचा परवाना लागत नाही. तिसरे कर्तव्य भाषेचे आहे. आष्ट्यात अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी कुलूप, कीर्द, गणपूर्ती या कल्पना इंग्रजीतून शिकतो आणि त्याच्या घरातील वडीलधारी मंडळी फेरफार, हरकत, प्रमाणित नोंद हे शब्द रोज उच्चारीत असतात. या दोन परिभाषा एकाच व्यवहाराच्या आहेत हे दोघांसही कळले, तर आपले दप्तर कोठे आहे आणि ते उद्या कोण वाचील, हा प्रश्न विचारणारे लोक गावात निर्माण होतील. मोडीच्या बाबतीत तो प्रश्न विचारण्यास आपल्याला उशीर झाला. येथे अद्याप वेळ आहे.